मान पाण्यावर सोडताना : वॉट्सू म्हणजे नेमकं काय?

छातीपर्यंत कोमट पाणी होतं आणि पाठ हौदाच्या भिंतीला टेकलेली. थेरपिस्टनं एक हात माझ्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि मला अलगद पाण्यावर आडवं केलं. "आता डोकं माझ्या हातावर सोडा," ती म्हणाली. मी सोडलं. निदान मला तसं वाटलं. ती क्षणभर थांबली, मानेखालचा हात तिनं दोन बोटं खाली नेला, आणि माझं डोकं होतं तिथेच राहिलं. ते तिनं धरलेलं नव्हतंच. मीच धरून ठेवलं होतं. पाय सैल होते, हात सैल होते, मान मात्र पहाऱ्यावर उभी होती. "होईल," ती म्हणाली. "मान सगळ्यात शेवटी सुटते."

त्या दिवशी ती सुटायला वीसेक मिनिटं लागली. नेमकी कधी सुटली ते कळलंही नाही. कानात पाणी आहे, स्वतःचा श्वास आतून ऐकू येतोय आणि डोक्याचं ओझं कुठेच जाणवत नाहीये, एवढंच काय ते लक्षात आलं. कित्येक वर्षं मानदुखी अंगावर काढलेल्या माणसाला ही गोष्ट केवढी मोठी वाटते, हे मान दुखणाऱ्यालाच कळेल. मग मी या उपचाराबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो, थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारत गेलो. या विषयावरचं बरंचसं लिखाण एक तर पाण्यातल्या गूढ ऊर्जेच्या गोष्टी सांगतं, नाहीतर वैद्यकीय परिभाषेत हरवून जातं. खरं तर यातल्या बहुतेक गोष्टी शाळेत शिकलेल्या विज्ञानानं समजतात, आणि समजल्यावर त्यांचं अप्रूप आणखी वाढतं.

नाव कुठून आलं

कोमट पाण्यात तरंगत्या माणसाला आधार देऊन, झुलवून, ताणून, फिरवून त्याचं शरीर सैल करण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांत सगळ्यात जास्त पसरलेली म्हणजे वॉट्सू. ‘वॉटर’ आणि ‘शियात्सू’ या दोन शब्दांची ही सांगड. शियात्सू हा जपानी देहोपचार. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सु’ म्हणजे दाब.

ही सांगड घातली हॅरल्ड डल या अमेरिकन माणसानं. तो मुळात कवी. शियात्सूची ओढ त्याला जपानपर्यंत घेऊन गेली आणि तिथे तो शिझुतो मासुनागा यांच्याकडे झेन शियात्सू शिकला. मासुनागांच्या पद्धतीत दाबाइतकंच महत्त्व ताणाला आहे. हात, पाय, पाठ विशिष्ट दिशेनं हळूहळू ताणायची आणि थांबायचं. परतल्यावर डल उत्तर कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्ज इथे शिकवत होता. तिथे जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक गरम पाण्याची कुंडं आहेत. 1980 मध्ये त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना त्या पाण्यावर तरंगवून तेच ताण देऊन पाहायला सुरुवात केली आणि तिथून वॉट्सू घडत गेलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जमिनीवर शियात्सू देणारा आपलं वजन समोरच्याच्या अंगावर टाकतो आणि खालची जमीन त्याला प्रतिकार करते, म्हणून दाब पडतो. पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाला वरून दाबलं तर तो खाली जाणार! दाब द्यायला खाली काही नाहीच. म्हणजे शियात्सूतला ‘बोटांचा दाब’ पाण्यात उतरताच मागे पडला आणि ताण, झुलणं व आधार पुढे आले. नावात शियात्सू आहे म्हणून कुणी अंग चेपून मिळेल अशा अपेक्षेनं गेलं, तर पहिल्यांदा थोडं चक्रावल्यासारखं होतं.

शियात्सूच्या मागे शरीरातून वाहणाऱ्या ऊर्जावाहिन्यांची कल्पना आहे. शरीरशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. वॉट्सू का आवडतं आणि त्यानं बरं का वाटतं, हे समजायला त्या कल्पनेची गरजही पडत नाही असं माझं मत आहे. पाणी, उष्णता, श्वास आणि मज्जासंस्था एवढ्यावर बरंच काही उलगडतं.

पुढे याला फांद्या फुटल्या. 1987 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अरियाना ब्रुनश्वायलर आणि अमन श्रोटर यांनी ‘वॉटरडान्स’ सुरू केला. त्यात नाकाला चिमटा लावून माणसाला काही क्षण पूर्ण पाण्याखाली नेतात. नवख्यानं थेट तिथून सुरुवात करू नये. हार्बिन हॉट स्प्रिंग्ज सप्टेंबर 2015 च्या वणव्यात जळून गेलं आणि 2019 मध्ये पुन्हा उघडलं. तोवर ही पद्धत कितीतरी देशांतल्या पुनर्वसन केंद्रांत पोचलेली होती.

शरीर कायम कशाशी झगडत असतं

आपलं डोकं साधारण चार ते पाच किलोचं असतं. ते दिवसभर मानेच्या बारीक कण्यावर तोललेलं असतं, आणि तोल सांभाळायला मानेचे, खांद्यांचे, पाठीचे स्नायू थोडेथोडे आवळलेले असतात. हे आपण ठरवून करत नाही. डोळे, आतला कान आणि स्नायूंमधले संवेदक सतत मेंदूला खबर देत असतात आणि मेंदू त्या स्नायूंना ‘धरून ठेवा’ असं सांगत असतो. उभं राहणं, बसणं, चालणं हे सगळं गुरुत्वाकर्षणाशी न संपणारं काम आहे.

मग आडवं पडलं की हे काम थांबायला हवं. बरंचसं थांबतंही. पण जमिनीवर उताणं पडून बघा. टाचा, माकडहाडाचा भाग, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू एवढ्याच ठिकाणी जमीन लागते. सगळा भार त्या मोजक्या जागांवर येतो, म्हणूनच थोड्या वेळानं कूस बदलावीशी वाटते. गादी हे टेकण वाढवते, पण कमरेखालची पोकळी, मानेखालची कमान, गुडघ्यांची मागची बाजू तिलाही नीट भरून काढता येत नाही.

पाण्याला ते येतं. पाणी जिथे जिथे अंगाला लागतं तिथे तिथे ते वर ढकलतं. आर्किमिडीजचं तत्त्व आपण घोकलेलं असतं: बुडालेल्या वस्तूनं जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ आहे की कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवरचा भार साधारण निम्म्यावर येतो, आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. साठ किलोच्या माणसाच्या पायांवर सहा किलो. गुडघा झिजलेल्या माणसाला पाण्यात चालता येतं ते यामुळे.

पण आडवं तरंगणं वाटतं तेवढं सरळ नाही. शरीरातला सगळ्यात हलका भाग म्हणजे हवेनं भरलेली छाती, आणि मांड्या-पोटऱ्या म्हणजे स्नायू आणि हाडं. त्यामुळे छाती वर राहते आणि पाय हळूहळू खाली जायला लागतात. सडपातळ, कमावलेल्या अंगाच्या माणसाचे पाय तर पटकन बुडतात. पाय बुडाले की कंबर वाकते, कंबर वाकली की मान ताठ होते आणि सगळा खेळ बिघडतो. म्हणून थेरपिस्ट गुडघ्यांच्या वर फोमचे मऊ तरंगते पट्टे बांधतात. पहिल्यांदा ते लहान मुलांच्या पोहण्याच्या साहित्यासारखे वाटतात. पण ते बांधल्यावर थेरपिस्टचा एक हात पायांतून मोकळा होतो आणि आपली कंबर निवांत होते.

अर्धा लिटर हवा

सुरुवातीला थेरपिस्ट काहीच करत नाही असं वाटतं. एक हात मानेखाली, दुसरा माकडहाडाखाली, आणि ती नुसती उभी. खरं तर ती आपला श्वास ऐकत असते, हातांनी.

शांतपणे घेतलेल्या एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा आत येते. छाती तेवढी फुगते, म्हणजे आणखी अर्धा लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे शरीराला वर ढकलणारं बल अर्ध्या किलोनं वाढतं. श्वास सोडला की ते पुन्हा कमी होतं. पाण्यावर पडलेला माणूस दर श्वासाला हातात अर्धा किलो हलका आणि अर्धा किलो जड होत असतो. थेरपिस्टला हे तळहातावर स्पष्ट जाणवतं. ती या चढउताराला विरोध करत नाही, त्याला जागा देते. श्वास आत आला की तिचे हात किंचित वर येऊ देतात, बाहेर गेला की किंचित खाली जाऊ देतात. तीही त्याच लयीत श्वास घेत असते.

मला विचाराल तर या उपचाराचा गाभा इथे आहे. पुढचे झुले, वळणं आणि ताण दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्याविनाही अर्धं काम या दहा-पंधरा मिनिटांत होऊन जातं. आपल्या श्वासाशी कुणीतरी जुळवून घेतंय हे शरीराला कळतं, आणि श्वास आपोआप लांबायला लागतो. श्वास लांबला, विशेषतः सोडतानाचा, की हृदयाची गती कमी करणारी, पचन आणि विश्रांतीची बाजू सांभाळणारी मज्जासंस्था पुढे सरसावते. मान सुटते ती बहुधा याच टप्प्यात.

पस्तीस अंशच का

वॉट्सूचं पाणी साधारण 35 अंश सेल्सिअसला ठेवतात. पोहण्याचा तलाव बहुधा 26 ते 28 अंशांचा असतो, आणि गरम पाण्याचे आरामाचे टब 38 ते 40 अंशांपर्यंत जातात. मग हा मधलाच आकडा का?

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. 27 अंशांची हवा आपल्याला उबदार वाटते, पण 27 अंशांच्या पाण्यात हालचाल न करता पडून राहिलं तर थोड्या वेळात दात वाजायला लागतात. पोहणारा स्वतः उष्णता तयार करत असतो म्हणून त्याला ते पाणी चालतं. वॉट्सू घेणारा काहीच करत नसतो. अंगावर काटा आला, स्नायू आखडले की सैल होण्याची शक्यताच संपते.

दुसऱ्या टोकाला 40 अंशांचं पाणी. आत शिरताना स्वर्गसुख, पण पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागते. हवेत आपण तापलो की घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. पाण्याखाली घाम वाळू शकत नाही. उष्णता बाहेर टाकायचा शरीराचा मुख्य मार्गच बंद, आणि वरून बाहेरचं पाणी शरीरापेक्षा गरम. तापमान चढत जातं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि बाहेर पडताना भोवळ येते.

या दोहोंच्या मध्ये साधारण 33.5 ते 35.5 अंशांचा एक छोटा पट्टा आहे. त्यात स्वस्थ पडलेल्या शरीराला ना उष्णता वाचवावी लागते, ना टाकावी लागते. थोड्या वेळानं त्वचेला पाण्याचा स्पर्शच जाणवेनासा होतो. आपण कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं हे कळत नाही. तासभर निवांत राहता येतं. एखाद्या ठिकाणी पाणी दोन-तीन अंशांनी थंड असेल आणि "चालतं हो, सवय होते" असं कुणी म्हणालं, तर मी तरी तिथे उतरणार नाही. या उपचारात तापमान हा निम्मा उपचार आहे.

आत काय घडतं

पाणी अंगाला सर्व बाजूंनी दाबतं, आणि जितकं खोल तितका दाब जास्त. एक मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटरइतका असतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांत आणि पोटात साचलेलं रक्त वर, छातीकडे ढकललं जातं. हे सरकलेलं रक्त अर्ध्या लिटरहून अधिक, साधारण 700 मिलिलिटर असतं. हृदयाचे कप्पे जास्त भरतात आणि दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं. छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले आणि हृदयातले संवेदक ताणले जातात, मेंदूला ‘रक्त पुरेसं आहे’ अशी खबर मिळते, आणि धावपळीची, ताणाची मज्जासंस्था थोडी मागे हटते. मूत्रपिंडांनाही पाणी सोडण्याचा निरोप जातो. कोमट पाण्यात बसल्यावर लघवीला जावंसं वाटतं, त्याचं कारण हे. उपचाराआधी जाऊन यावं, संकोच करू नये.

हे आकडे उभ्या माणसाचे आहेत. वॉट्सूमध्ये आपण पृष्ठभागाजवळ आडवे असतो, अंगाचा सगळ्यात खालचा भागही वीस-तीस सेंटिमीटरच खोल असतो, त्यामुळे दाबाचा परिणाम तेवढा तीव्र नसतो. दिशा मात्र तीच असते, कारण आडवं झाल्यानंही पायांतलं रक्त छातीकडे येतंच.

स्नायूंची गोष्ट वेगळी. प्रत्येक स्नायूत त्याची लांबी मोजणारे बारीक संवेदक असतात. स्नायू झटकन ताणला गेला की ते लगेच त्याला आखडायला लावतात; डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यामुळेच. हळू ताणलं तर ही प्रतिक्रिया फारशी येत नाही. पाण्यात घाई करताच येत नाही, कारण वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो. थेरपिस्टनं कितीही मनात आणलं तरी पाणी तिला झटका देऊ देत नाही.

आणि हाच विरोध दुसऱ्या हातासारखा वापरता येतो. जमिनीवर पाठ ताणायची तर एक टोक धरून ठेवावं लागतं आणि दुसरं ओढावं लागतं. पाण्यात थेरपिस्ट डोकं आणि खांदे कुशीत घेऊन हळूहळू मागे चालत जाते, आणि आपली कंबर आणि पाय पाण्याला अडत अडत मागून येतात. कुणी पाय ओढत नाहीये, तरी पाठीचा कणा मणक्या-मणक्यातून लांबतोय. मग ती दिशा बदलते आणि पाय पाणवेलीसारखे दुसऱ्या बाजूला वळतात. कमरेच्या कडेला असा ताण मला याआधी कुठल्याच व्यायामात मिळाला नव्हता, आणि तो कुणी ‘दिला’ असं वाटलंही नव्हतं.

कानांचं काय, असं पुष्कळजण विचारतात. कान पाण्याखाली असतात. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं धावतो, त्यामुळे तो दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि कुठून आला ते मेंदूला ओळखता येत नाही. बाहेरचं जग दिशाहीन गुणगुण होऊन जातं. डोळे मिटलेले, वजन नाही, तापमान जाणवत नाही, आवाजाला दिशा नाही. एरवी मेंदू ज्या खबरांवर पहारा ठेवतो त्या एकेक करून बंद होतात. काहींना यात गाढ शांतता मिळते, काहींना झोपेच्या उंबरठ्यावरची चित्रं दिसतात, काहींना अचानक रडू येतं. रडू आलं तर थेरपिस्ट घाबरत नाही, कारण विचारत नाही, थांबते आणि धरून ठेवते. काहींना मात्र गरगरतं किंवा मळमळतं. गाडी लागणाऱ्यांनी हे आधीच सांगावं, म्हणजे वळणं कमी ठेवता येतात.

यानं बरं होतं का

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 1921 मध्ये लकवा झाला, पोलिओचा असं तेव्हा निदान झालं, आणि दोन्ही पाय गेले. 1924 मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे गेले. तिथलं पाणी नैसर्गिकरीत्या सुमारे 31 अंशांचं. जमिनीवर न हलणारे पाय त्या पाण्यात थोडे हलले, ते उभे राहू शकले. 1926 मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पोलिओच्या रुग्णांसाठी तिथे उपचारकेंद्र उभारलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते तिथे जात राहिले, आणि 1945 मध्ये त्यांचा मृत्यूही तिथेच झाला. त्यांच्या पायांत ताकद मात्र परत आली नाही. मेलेल्या मज्जापेशी पाणी जिवंत करत नाही.

तरीही ते वीस वर्षं तिथे का जात राहिले, याचा विचार केला की ‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’ यांत मराठीनं एकाच शब्दात साठवलेलं अंतर दिसतं. पाण्यानं त्यांना हालचाल दिली, वेदनेतून सुट्टी दिली, आपल्यासारख्याच माणसांची सोबत दिली. हे थोडं नाही. पण त्याला पोलिओचा इलाज म्हणणं खोटं ठरेल.

वॉट्सूबद्दलचं संशोधनही साधारण हेच सांगतं. 2020 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वेदना, शारीरिक हालचाल आणि मनावरचा ताण या बाबतीत अनुकूल परिणाम दिसले, पण बरेच अभ्यास छोटे आणि कमीअधिक दर्जाचे होते. शिवाय अशा उपचारात एक अडचण कायमची आहे: गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण कोमट पाण्यात कुशीत घेतल्याचा नुसता भास कुणाला देता येत नाही. त्यामुळे परिणामातला किती वाटा पाण्याचा, किती स्पर्शाचा, किती तासभर मिळालेल्या निवांतपणाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं.

पाण्यात केलेल्या व्यायामाचे पुरावे थोडे अधिक भक्कम आहेत. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांधेझिजेत त्यानं वेदना आणि अडचण काही काळ थोडी कमी होते, असं कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातून दिसलं आहे. पण त्यात माणूस स्वतः हातपाय हलवतो, आणि वॉट्सूमध्ये तो पूर्ण स्वस्थ असतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि एकीचे पुरावे दुसरीच्या नावावर खपवू नयेत. पुनर्वसनात काम करणारे थेरपिस्ट दोन्हींची जोड देतात: आधी पाण्यात स्नायू सैल करायचे, मग त्या मोकळ्या झालेल्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. पक्षाघातानंतर किंवा सेरेब्रल पाल्सीत आखडलेल्या हातापायांसाठी हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. सैलपणा काही तासांत ओसरतो, पण तेवढ्यात केलेली हालचाल शरीर शिकून घेऊ शकतं.

म्हणून कुणी या पाण्यातून मधुमेह जातो, कर्करोग हटतो, शरीरातली ‘विषं’ बाहेर पडतात असं सांगितलं, तर तिथून उठून यावं. विषं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

उतरण्याआधी

ताप, उघडी जखम, त्वचेचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, कानाचा फाटलेला पडदा, आटोक्यात नसलेली अपस्मार म्हणजे फिट्‌स, हृदयाची गंभीर दुर्बलता, आटोक्याबाहेरचा रक्तदाब यांपैकी काही असेल तर पाण्यात उतरू नये. छातीकडे सरकणारं ते जास्तीचं रक्त निरोगी हृदय सहज पेलतं, थकलेलं हृदय पेलेलच असं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या काहींची लक्षणं अंग तापल्यावर तात्पुरती वाढतात, त्यांना कमी तापमान लागतं. गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावं. पोहता येत नसेल तर मात्र काही अडत नाही. खोली छातीइतकीच असते आणि डोकं कायम दुसऱ्याच्या हातात असतं. पाण्याची भीती असेल तर तेवढं आधी सांगून ठेवावं.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल मी जरा हट्टी आहे. माणसाला सुखावणारं तापमान जंतूंनाही सुखावतं. फुप्फुसांचा गंभीर आजार करणारा लेजिओनेला जंतू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात वाढतो. वर गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं. त्यामुळे दिवसातून किती वेळा क्लोरीन आणि पाण्याची आम्लता मोजता, हे बिनधास्त विचारावं. सांभाळणारी माणसं नोंदवही काढून दाखवतात.

आणि स्पर्श. या उपचारात दुसरा माणूस आपल्याला अगदी जवळ, जवळजवळ बाळासारखं धरतो. हे कसं असेल, हात कुठे लागेल, कुठे लागणार नाही, हे कोरड्या जमिनीवर, कपड्यांत असताना आधी बोलून झालं पाहिजे. थांबवण्याची खूण ठरली पाहिजे, कारण कानात पाणी असताना बोलणं जड जातं. मी हाताची मूठ दोनदा उघडझाप करायची असं ठरवलं होतं. ज्यांच्या वाट्याला पूर्वी नको असलेला स्पर्श आलेला आहे, त्यांच्यासाठी ही जवळीक औषध होऊ शकते तशी जखमेवरची खपली काढणारीही होऊ शकते. चांगला थेरपिस्ट हे न विचारता सुरुवातच करत नाही, आणि तुम्ही मध्येच नको म्हणालात तर त्याला वाईट वाटत नाही.

शेवट जिथून सुरुवात झाली तिथेच होतो. थेरपिस्ट हळूहळू भिंतीपाशी आणते, पाय तळाला टेकवते, पाठ भिंतीला लावते. मग एक हात निघतो. थोड्या वेळानं दुसरा. ती एक पाऊल मागे सरकते आणि काही बोलत नाही. डोळे आपण हवे तेव्हा उघडायचे असतात. माझं डोकं तेव्हा पुन्हा माझ्याच मानेवर होतं, आणि ते तोलायला किती थोडी ताकद लागते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग पायऱ्या. पहिल्या पायरीवर काही जाणवलं नाही. तिसरीवर पाणी मांड्यांच्या खाली गेलं आणि सगळं वजन एकदम परत आलं, पावसात भिजलेली गोधडी अंगावर टाकावी तसं. कठडा धरून मी तिथे मिनिटभर थांबलो. थेरपिस्ट मागे पाण्यातच उभी होती, एक हात माझ्या कोपराजवळ, न लावता.